दिवाण, वकील, रयत: मुस्लिमबहुल देशांचं राजकारण आणि समाज शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. पदवीच्या मुलांना ‘मुस्लिमबहुल देशांचं राजकारण आणि समाज’ हा विषय शिकवायला लागल्यापासून दरवर्षी तेच प्रश्न येतात. मुलं विचारतात, पालक विचारतात, इतर महाविद्यालयांतले शिक्षक तर फोन करून विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

हा इस्लाम धर्माचा अभ्यास आहे का?

नाही. हा देशांचा अभ्यास आहे. निवडणूक कशी होते, कायदा कोण करतं, कर कोण भरतं, सैन्याचं किती चालतं, शाळेत काय शिकवतात, बायकांना घरात आणि कोर्टात काय मिळतं, हे प्रश्न आपण फ्रान्स किंवा ब्राझील शिकवताना विचारतो. तेच इथे विचारायचे. धर्म त्यात येतो, खूप ठिकाणी येतो, पण तो कुठून आणि कुणाच्या हातून येतो हे दर वेळी शोधावं लागतं. ‘तिथे इस्लाम आहे म्हणून तसं आहे’ हे वाक्य माझ्या वर्गात उत्तर म्हणून चालत नाही. जगात सुमारे दोनशे कोटी मुसलमान आहेत. एकाच कारणाने त्या सगळ्यांचं राजकारण ठरत असतं, तर ते सगळीकडे सारखं दिसलं असतं.

मग ‘मुस्लिम जग’ असं का म्हणत नाही? तो शब्द सोपा आहे.

सोपा आहे आणि म्हणूनच घोटाळा करतो. पहिल्या आठवड्यात मी जगाचा कोरा नकाशा वाटते आणि सर्वांत जास्त मुसलमान असलेला देश रंगवायला सांगते. बहुतेक पेन्सिली सौदी अरेबियाकडे जातात. खरं उत्तर इंडोनेशिया. अरब हे जगातल्या मुसलमानांचा साधारण पाचवा हिस्सा. इस्लामी सहकार्य संघटनेत ५७ सदस्य आहेत, त्यात पश्चिम आफ्रिकेतला सेनेगल आहे, युरोपातला अल्बेनिया आहे, मध्य आशियातला किरगिझस्तान आहे. राजेशाही, लष्करशाही, संसदीय लोकशाही, धर्मगुरूंचं राज्य, सगळे नमुने तिथे सापडतात. आपला भारतही गंमतीचा अपवाद आहे: मुसलमानांची संख्या कित्येक मुस्लिमबहुल देशांहून जास्त, पण बहुसंख्य नव्हेत. म्हणून आपण या अभ्यासक्रमात बसत नाही, आणि तरी तुलनेसाठी सारखे आठवतो.

पहिला तास कशाने सुरू करता?

तीन शब्दांनी. इंडोनेशियाच्या संसदेचं नाव मी फळ्यावर देवनागरीत लिहिते: देवान पर्वाकिलान राक्यात. अर्थ सांगत नाही. ओळखा म्हणते. थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी ‘दिवाण?’ म्हणतं. दुसरं कुणी ‘पर्वाकिलान’मधला ‘वाकिल’ पकडतं: वकील, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, प्रतिनिधी. ‘राक्यात’ला वेळ लागतो, कारण उच्चार बदललाय. एका वर्षी साताऱ्याकडच्या एका मुलाने ते पटकन सांगितलं. त्याच्या शाळेच्या नावातच ‘रयत’ होतं. रयतेच्या वकिलांचा दिवाण, अशी ती संसद.

त्यातली पुढची गोष्ट मला फार आवडते. इंडोनेशियाची वर्तमानपत्रं निकालाच्या दिवशी अमुक पक्षाला इतक्या ‘कुर्सी’ मिळाल्या असं छापतात. आपणही खुर्चीसाठीच भांडतो असं मुलं लगेच म्हणतात, आणि वर्ग मोकळा होतो.

हे शब्द अरबी-फारसीतून समुद्रमार्गे तिकडे गेले आणि जमिनीच्या वाटेने आपल्याकडे आले. अर्ज, हरकत, मंजूर, महसूल, तारीख, जिल्हा, तालुका, कायदा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेऊन कारभारातले फारसी शब्द बदलायचा प्रयत्न केला, तरी तहसील कचेरीत आजही हेच शब्द चालतात. मराठी मुलाला हा विषय परका वाटायचं कारण नाही, हे मला त्याला सांगायचं नसतं, त्याच्याच तोंडून यायला हवं असतं.

मुस्लिमबहुल देशांत लोकशाही टिकत नाही, हे खरं ना?

हा प्रश्न दरवर्षी पहिल्या पंधरा दिवसांत येतोच. मी त्याला हो किंवा नाही म्हणत नाही. तीन देश समोर ठेवते.

पहिला इंडोनेशिया. १ जून १९४५ रोजी स्वातंत्र्यलढ्याचे नेते सुकार्नोंनी ‘पंचशील’ मांडलं, म्हणजे नव्या राज्याच्या पायाची पाच तत्त्वं. शब्द संस्कृतच आहे. राज्यघटनेच्या मसुद्यात मुसलमानांवर शरिया पाळण्याचं बंधन घालणारे सात शब्द होते. १८ ऑगस्ट १९४५ ला, स्वातंत्र्याच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, ते सात शब्द काढले, कारण पूर्वेकडच्या बेटांवरचे ख्रिस्ती देशाबाहेर राहतील अशी भीती होती. हे सात शब्द परत आणावेत ही मागणी पुढे अनेकदा झाली, पण मान्य झाली नाही. १९५५ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सगळे इस्लामी पक्ष मिळूनही बहुमतापर्यंत पोचले नाहीत. त्यानंतरची लांब हुकूमशाही सुहार्तोंची होती, आणि ती सैन्याची होती, मौलवींची नव्हे. तिच्या आधी, १९६५-६६ मध्ये, कम्युनिस्ट ठरवून लाखो माणसं मारली गेली. मे १९९८ मध्ये सुहार्तो गेले. तेव्हापासून तिथे नियमित निवडणुका होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीस कोटींहून जास्त मतदारांच्या याद्या असलेलं मतदान एका दिवसात झालं, बोटाला शाई लावून. आपल्याकडे काही आठवडे लागतात.

पण इथेच थांबले तर मी मुलांना अर्धंच चित्र दाखवलं असं होईल. जकार्ताचे तेव्हाचे गव्हर्नर बासुकी त्जाहाजा पुर्नामा हे चिनी वंशाचे ख्रिस्ती. कुराणातल्या एका आयतीवर बोलल्याबद्दल त्यांच्याविरुद्ध प्रचंड मोर्चे निघाले, २०१७ मध्ये ते निवडणूक हरले आणि धर्मनिंदेबद्दल त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. आचे प्रांतात शरियाचे कायदे आहेत आणि भर चौकात फटके मारले जातात. लोकशाही टिकली आहे आणि तिच्यात हेही आहे. मुलांनी दोन्ही गोष्टी एका उत्तरात लिहायला शिकायला हवं.

दुसरा सेनेगल. नव्वद टक्क्यांहून जास्त मुसलमान, आणि पहिले अध्यक्ष लिओपोल्ड सेंगोर कॅथलिक. १९६० पासून वीस वर्षं ते अध्यक्ष होते, आणि त्यांना सर्वांत भक्कम पाठिंबा होता मुरीद या सूफी पंथाच्या पिरांचा. तिथली सत्ता २०००, २०१२ आणि २०२४ मध्ये मतपेटीतून बदलली. या देशाबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकांत जवळपास काही नसतं, म्हणून मी त्याला पूर्ण दोन तास देते.

तिसरा ट्युनिशिया, आणि हा शिकवताना मला अजूनही वाईट वाटतं. १७ डिसेंबर २०१० ला सिदी बुझिद गावात हातगाडीवर फळं विकणाऱ्या मोहम्मद बुआझिझीने स्वतःला पेटवून घेतलं. महिन्याभरात, १४ जानेवारी २०११ ला, तेवीस वर्षं सत्तेवर असलेले बेन अली देश सोडून गेले. २०१४ मध्ये नवी राज्यघटना आली. ती येण्यासाठी एन्नाहदा या इस्लामी पक्षाने वाटाघाटींतून सरकार सोडलं. कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, वकील आणि मानवाधिकार संघटना यांनी ती वाटाघाट घडवली, म्हणून त्या चौघांना २०१५ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. आणि २५ जुलै २०२१ ला निवडून आलेल्या अध्यक्षांनीच, कैस सईद यांनी, संसद गोठवली. ते कुठल्या इस्लामी पक्षाचे नाहीत, घटनेचे प्राध्यापक होते. आता ‘लोकशाही का मोडली’ याचं उत्तर धर्मात शोधायचं, की बेकारीत, की थकलेल्या पक्षांत? मी तास इथे सोडते. पुढच्या तासाला मुलं वाचून येतात.

शरिया म्हणजे एकच लिहिलेला कायदा असतो ना?

नाही. आपल्या भारतीय न्याय संहितेसारखं एक पुस्तक कपाटातून काढून दाखवता येत नाही. कुराण, हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी) आणि त्यांवर शतकानुशतकं झालेला विचार, त्यातून निघालेल्या परंपरा. सुन्नींमध्ये मुख्य चार: हनफी, मालिकी, शाफई, हनबली. शियांची वेगळी.

हे मी कोकणातून समजावते. रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत, तर घाटावरचे आणि मराठवाड्यातले बहुतेक हनफी. इंडोनेशियाही शाफई. कारण सरळ आहे: अरबी समुद्रावरच्या व्यापाऱ्यांनी धर्म नेला तिथे त्यांची परंपरा गेली, आणि मध्य आशियातून आलेल्या सत्तांनी आणला तिथे त्यांची. सह्याद्री चढताना पंथ बदलतो, हे मुलांना लक्षात राहतं.

मग प्रत्येक देशाने आपापल्या सोयीने निवड केली. तुर्कस्तानने १९२६ मध्ये स्वित्झर्लंडचा दिवाणी कायदा जवळपास उचलून घेतला. ट्युनिशियाने १३ ऑगस्ट १९५६ च्या कौटुंबिक संहितेत बहुपत्नीत्वावर बंदी घातली आणि तलाक फक्त न्यायालयात, असं ठरवलं. पंतप्रधान हबीब बुर्गिबांनी ते वरून केलं, स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांत. हे शिकवताना मी हमीद दलवाईंचं नाव घेते. त्यांनी १९६६ मध्ये मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध, आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ सुरू केलं. बुर्गिबांच्या हातात सरकार होतं, दलवाईंच्या मागे सात बायका होत्या. सुधारणा वरून लादली तर काय होतं आणि खालून मागितली तर काय होतं, यावर मुलं तासभर वाद घालतात. मी मध्ये पडत नाही.

तुर्कस्तान धर्मनिरपेक्ष आहे, तर सरकार इमामांना पगार का देतं?

कारण तिथल्या धर्मनिरपेक्षतेचा अर्थ आपल्याहून वेगळा आहे. ३ मार्च १९२४ ला अंकाराच्या संसदेने खिलाफत बरखास्त केली आणि त्याच दिवशी धर्म व्यवहारांचं सरकारी खातं स्थापन केलं, दियानेत. मशिदी त्याच्या ताब्यात, इमाम सरकारी नोकर, शुक्रवारचं प्रवचन खात्याकडून येणारं. धर्म राज्यापासून वेगळा काढलेला नाही, राज्याच्या दावणीला बांधलेला आहे. १९३२ पासून १९५० पर्यंत अजानही अरबीत देता येत नव्हती, तुर्कीतच द्यावी लागे. पुढे सरकार बदललं तसं खात्याचं तोंडही बदललं. ज्याने दावं बांधलं त्याच्या हातातून ते दुसऱ्याच्या हातात गेलं, इतकंच.

मुलांना पंढरपूर माहीत असतं. तिथल्या मंदिराचा कारभार १९७३ च्या कायद्याखालच्या समितीकडे आहे. मग आपलं राज्य धर्मापासून किती लांब आहे, हा प्रश्न ती स्वतःच विचारतात. तुलना अगदी तंतोतंत नाही, पण दार उघडायला पुरते.

इराणमध्ये निवडणुका होतात, मग तिथे लोकांचं राज्य का नाही?

इथे खडू घेऊन उभं राहावं लागतं. १९७९ च्या क्रांतीनंतर जी घटना आली तिचा आराखडा मी फळ्यावर काढते. खाली मतदार. त्यांच्यापासून एक बाण अध्यक्षाकडे, एक २९० जागांच्या मजलिसकडे, म्हणजे संसदेकडे, एक तज्ज्ञांच्या सभेकडे. तज्ज्ञांची सभा सर्वोच्च नेता निवडते. इथवर सगळं ठीक दिसतं. मग बाजूला बारा जणांची पालक परिषद काढते. या निवडणुकांना कोण उभं राहू शकतं हे ती ठरवते, तज्ज्ञांच्या सभेलाही. तिच्यातले सहा धर्मशास्त्री थेट सर्वोच्च नेता नेमतो. उरलेले सहा कायदेतज्ज्ञ न्यायव्यवस्थेचा प्रमुख सुचवतो, आणि त्या प्रमुखाला नेमतो तोही सर्वोच्च नेताच.

एकदा पहिल्या बाकावरची मुलगी बोटाने हवेत बाण गिरवत होती. थांबली आणि म्हणाली, ‘मॅडम, हा बाण फिरून परत तिथेच येतोय.’ त्या तासाला मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

याच मजलिसमध्ये पाच जागा अल्पसंख्याकांसाठी आहेत: दोन आर्मेनियन ख्रिस्ती, एक असिरियन-खाल्डियन, एक ज्यू आणि एक जरथुष्ट्री. पुण्या-मुंबईत ज्यांच्या हॉटेलात आपण बनमस्का खातो, त्या इराण्यांच्या गाववाल्यांचा तो एक खासदार. इराणचा इतिहास १९७९ ला सुरू होत नाही, हेही सांगावं लागतं. १९०६ मध्ये तिथे घटनात्मक क्रांती होऊन संसद आली होती. १९५३ मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण करणाऱ्या पंतप्रधान मोसादेघांना अमेरिका-ब्रिटनच्या मदतीने पाडलं गेलं. हे वगळून क्रांती शिकवली तर ती आकाशातून पडल्यासारखी वाटते.

बुरखा-हिजाबचा विषय निघाला की वर्गात गोंधळ होतो. कसा घेता?

तारखांनी. जानेवारी १९३६ मध्ये इराणच्या रझाशाहने चादर-हिजाबवर बंदी घातली, पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरचं ओढून काढत. कित्येक बायका वर्षानुवर्षं घराबाहेर पडल्या नाहीत. १९७९ नंतरच्या सरकारने तोच हिजाब सक्तीचा केला, १९८३ मध्ये कायद्याने. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी याच सक्तीवरून पोलिसांच्या ताब्यात मेली, आणि देशभर बायका-पुरुष रस्त्यावर आले. तुर्कस्तानात उलट: तिथे विद्यापीठांत डोक्याला रुमाल बांधायला बंदी, ती गेल्या पंधरा-वीस वर्षांतच सुटली.

एवढं फळ्यावर आलं की मी विचारते, यांत बाईला कुणी काय विचारलं? मग वादाचा रोख कापडावरून हुकूम देणाऱ्याकडे वळतो. आमच्या वर्गातल्या मुलींना हे मुलांपेक्षा लवकर कळतं. घरातून कॉलेजला निघताना ओढणीवरून काय ऐकावं लागतं, हे त्यांना माहीत असतं.

याच ठिकाणी एक यादीही वाचते: पाकिस्तानात बेनझीर भुट्टो १९८८ मध्ये पंतप्रधान, बांगलादेशात खालिदा झिया १९९१, तुर्कस्तानात तान्सू चिल्लर १९९३, इंडोनेशियात मेगावती २००१ मध्ये अध्यक्ष. आणि लगेच सांगते, की आपल्याकडे इंदिरा गांधी १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या म्हणून खेड्यातल्या बाईचं पाणी भरणं थांबलं नाही. वर बाई बसली की खाली सगळं सुटतं असं कुठेच झालेलं नाही.

‘अरब स्प्रिंग’ (२०१०-११ चे अरब देशांतले उठाव) दोन तासांत कसं शिकवायचं?

एका शब्दावरून शिकवून बघा: ऐश. आपल्याकडे ऐश म्हणजे चैन. मूळ अरबी शब्दाचा अर्थ जगणं. कैरोत मात्र ‘ऐश’ म्हणजे रोटी. जानेवारी २०११ मध्ये तहरीर चौकात घोषणा होती, ‘ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइय्या’: रोटी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. आपण ज्याला चैन म्हणतो तो शब्द तिकडे पोटासाठी ओरडला जात होता. हे सांगितल्यावर वर्ग एकदम गप्प होतो.

मग त्या रोटीचं राजकारण. इजिप्तमध्ये सरकार स्वस्त रोटी देतं, आपल्या रेशनसारखं. जानेवारी १९७७ मध्ये सादात सरकारने अनुदान कापलं, दोन दिवस दंगली झाल्या, माणसं मेली, निर्णय मागे घ्यावा लागला. त्यानंतर सरकारं भाववाढीला इतकी घाबरली की तीस वर्षांहून जास्त काळ अनुदानित रोटी पाच पियास्तरला मिळत राहिली. जून २०२४ मध्ये ती वीस झाली. २०११ मध्ये अध्यक्ष हुस्नी मुबारक का पडले, २०१२ मध्ये मोहम्मद मोर्सी कसे निवडून आले, ३ जुलै २०१३ ला सैन्याने त्यांना का काढलं, ही सगळी कथा या रोटीच्या कडेकडेने सांगता येते. मोर्सींची मुस्लिम ब्रदरहुड ही १९२८ ची संघटना गरीब वस्त्यांत का रुजली, तेही. दवाखाना आणि शिकवणी जो चालवतो त्याला मतं पडतात. हे आपल्या मुलांना समजावून सांगायला लागत नाही.

आखाती देश कसे घेता? अनेक मुलांचे नातेवाईक तिथे आहेत.

तिथूनच. एका वर्षी एका मुलाने मामाचा जुना करारनामा आणला होता, नाव झाकून. व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला, नोकरी सोडली तर देश सोडायचा. याला कफाला पद्धत म्हणतात. अमिराती आणि कतारमध्ये दहांतला साधारण एक माणूस नागरिक, बाकीचे बाहेरून आलेले. जिथे बहुसंख्य लोकांना मतच नाही, आणि नागरिकांकडून आयकर घेतला जात नाही, तिथे राज्यकर्त्याला जाब कोण विचारणार? तेलाच्या पैशावरचं राज्य म्हणजे काय, ते त्या करारनाम्यावरून कळतं.

कुवेत वेगळा. तिथे १९६२ ची घटना आणि भांडखोर संसद होती, बायकांना २००५ मध्ये मत मिळालं. मे २०२४ मध्ये अमिरांनी ती संसद बरखास्त केली. आणि मुलांना चकित करणारी गोष्ट: १९६० च्या दशकापर्यंत दुबई, कतार, बहरीनमध्ये रुपया चालत होता. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी नोटा काढल्या होत्या. आज इकडचा माणूस तिकडे दिरहम कमवायला जातो.

पाकिस्तान आणि बांगलादेश आला की वर्ग तापतो. टाळावं का?

टाळू नये. फक्त भाषेपासून सुरुवात करावी. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात बंगालीसाठी विद्यार्थी गोळ्यांना सामोरे गेले. संयुक्त महाराष्ट्राचा लढा आणि हुतात्मा चौक माहीत असलेल्या मुलांना हे लगेच कळतं. धर्म एक, देश एक, आणि तरी भाषेवरून ठिणगी पडते. १९७१ मध्ये देश फुटला.

नंतर बांगलादेशची घटना वाचायला देते. १९७२ मध्ये धर्मनिरपेक्षता होती. १९७७ मध्ये लष्करी राजवटीने ती काढली. १९८८ मध्ये इस्लाम राजधर्म झाला. २०११ मध्ये धर्मनिरपेक्षता परत आली आणि राजधर्मही राहिला. ५ ऑगस्ट २०२४ ला विद्यार्थ्यांच्या आंदोलनाने शेख हसीना देश सोडून गेल्या. पाकिस्तानात जीनांचं ११ ऑगस्ट १९४७ चं भाषण (कुणाच्या धर्माशी राज्याचा संबंध नाही म्हणणारं) आणि मार्च १९४९ चा उद्दिष्टांचा ठराव (राज्याला इस्लामशी जोडणारा) शेजारी ठेवले की वाट कुठे वळली ते दिसतं.

दहशतवाद शिकवता की लपवता?

शिकवते. कोणती संघटना, कोणत्या युद्धातून उभी राहिली, पैसा कुठून आला, कुणी पोसली, हे नावानिशी. १६ डिसेंबर २०१४ ला पेशावरच्या शाळेत पाकिस्तानी तालिबानने शंभराहून जास्त मुलं मारली. इराक, अफगाणिस्तान, सोमालियात या हिंसेचे बळी बहुतांशी मुसलमानच आहेत. आणि आपल्या मुंबईतली एक गोष्ट सांगते: २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानात पुरायला तिथल्या मुस्लिम विश्वस्तांनी नकार दिला. त्यावर मी भाष्य करत नाही.

वर्गात मुस्लिम विद्यार्थी असतील तर काय काळजी घ्यावी?

माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी वर्गात एकच मुस्लिम मुलगी होती. निकाहनाम्याचा विषय निघाला आणि मी सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुमच्यात कसं असतं गं?’ ती उभी राहिली, मान खाली घालून म्हणाली, ‘मला माहीत नाही, मॅडम.’ पुढचे दोन तास ती आली नाही. मला तिला बोलतं करायचं होतं, आणि मी तिला पंचवीस कोसांवरच्या आणि पाच हजार कोसांवरच्या सगळ्या मुसलमानांच्या वतीने उभं केलं. नंतर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, तिला सेनेगलवर निबंध लिहायचाय, कारण तिथलं तिला काहीच माहीत नाही. निबंध उत्तम होता.

तेव्हापासून नियम एक: ज्याचं त्याला सांगावंसं वाटलं तर सांगेल, मी विचारणार नाही. आणि दुसऱ्या बाजूनेही, कुणी टीका केली तर ती व्यक्तीवर आणि समाजावर नको, कायद्यावर, सरकारवर, निर्णयावर खुशाल करावी. मुस्लिम मुलांनीही. त्यांचीच टीका कित्येकदा जास्त धारदार असते.

पालक तक्रार करतात. एक म्हणतो ‘यांची तरफदारी करता’, दुसरा म्हणतो ‘आमची बदनामी करता’.

दोन्ही आले आहेत, एकदा तर एकाच आठवड्यात. दोघांनाही मी मुलांच्या वह्या दाखवल्या. वाद घातला नाही. पहिल्याने आचेच्या फटक्यांचं पान वाचलं, दुसऱ्याने सेंगोरचं. चहा घेऊन गेले. दर वेळी इतकं सोपं जात नाही, हेही खरं आहे. म्हणून विभागप्रमुखांना अभ्यासक्रम आधी लेखी द्यावा आणि प्रत्येक तासाचा विषय फलकावर लावावा.

परीक्षेत काय विचारता?

‘इस्लाम आणि लोकशाही यांचे संबंध स्पष्ट करा’ असा प्रश्न मी कधीच काढत नाही. त्याला गाइडमधलं उत्तर येतं. मी विचारते: दियानेत आणि पालक परिषद यांत धर्म कुणाच्या ताब्यात आहे ते लिहा. किंवा: १९४५ मध्ये काढलेल्या सात शब्दांमुळे इंडोनेशियात काय टळलं आणि काय टळलं नाही?

एका सत्रात एवढं सगळं बसतं का?

नाही बसत. मी सहा देश नीट घेते, आखात एकत्र घेते, बाकीचे वाचायला देते. मध्य आशिया जवळपास राहून जातो, नायजेरिया तर कधीच होत नाही, आणि तिथे निम्मे ख्रिस्ती, निम्मे मुसलमान असल्यामुळे तो व्हायला हवा. यंदा मुलांनीच सुचवलंय की इराणचा एक तास कमी करा आणि उझबेकिस्तान घ्या, कारण बाबराचं फरगणा त्यांना नकाशात सापडलंय. इराणचा तास कमी करायला माझं मन होत नाही. बहुतेक शनिवारी जादा तास घेईन.